सावरपाड्याची कविता : पाय होतेच, वाट अडवलेली होती



आज आपण धावण्याबद्दल बोलणार आहोत. हसू नका. पहाटे चुलीपासून रात्री भांड्यांपर्यंत आपण धावतच असतो, हे आम्हालाही माहीत आहे. पण त्या धावण्याला कुणी शिट्टी वाजवत नाही, कुणी घड्याळ लावत नाही आणि शेवटी गळ्यात पदकही पडत नाही. आज ज्या धावण्याची गोष्ट सांगायची आहे ते मैदानावरचं आहे. आणि ती गोष्ट आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या कविता राऊतची आहे. पेपरवाले तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणतात.

तिचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे. शाळेच्या भिंतीवर, पुढाऱ्यांच्या भाषणात, स्पर्धेच्या बॅनरवर ते दिसतं. पण गोष्ट सांगताना लोक नेहमी दोनच गोष्टी सांगतात : ती अनवाणी पाणी आणायची, आणि मग तिला पदक मिळालं. मधलं सगळं गाळलेलं असतं. आपल्या मुलींच्या कामाचं जे काही आहे, ते या मधल्या भागातच आहे. म्हणून आज तो भाग जरा सावकाश बघू.

आधी पदकाचा दिवस सांगतो. ८ ऑक्टोबर २०१०. दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा चालू होत्या आणि जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये बायकांची १०,००० मीटरची शर्यत होती. मैदानाची एक फेरी ४०० मीटरची. अशा २५ फेऱ्या, म्हणजे पुरे दहा किलोमीटर. पुढे केनियाच्या दोघी होत्या, ग्रेस मोमान्यी आणि डोरिस चांगेय्वो. लांब पल्ल्याच्या शर्यतीत केनियाच्या बायकांना गाठणं म्हणजे काय, हे धावणाऱ्यांनाच विचारावं. त्या दोघींच्या मागे, तिसऱ्या नंबरावर आपली कविता आली. वेळ होती ३३ मिनिटं ५ सेकंद.

ब्राँझ पदक. तुम्ही म्हणाल, तिसरा नंबर तर आहे. पण त्या तिसऱ्या नंबराचं मोल ऐका. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या ट्रॅकवर एकटीच्या बळावर पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. त्याआधी ट्रॅकवर भारताला असं वैयक्तिक पदक मिळालं होतं ते १९५८ साली कार्डिफला, मिल्खा सिंग यांना. मधे ५२ वर्षं गेली. तेवढ्या काळात देशात किती मैदानं झाली, किती मंत्री झाले! आणि ती रिकामी जागा भरली ती त्र्यंबकेश्वरच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या मुलीनं.

सावरपाडा हरसूलच्या बाजूला आहे. हा भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्र्यंबकेश्वर सोडून गुजरातच्या हद्दीकडे निघालं की डोंगर सुरू होतात. भात, नागली, वरई, खुरासणी ही तिथली पिकं. पावसाळ्यात इतका पाऊस की चार दिवस सूर्य दिसत नाही. ते सगळं पाणी उतारावरून पश्चिमेला वाहून जातं, आणि होळी झाली की झरे आटायला लागतात. मग हंडा डोक्यावर, कळशी काखेत आणि पायाखाली दगडगोट्यांची चढण. १९८५ साली जन्मलेली, कोकणा समाजातल्या घरातली कविता याच वाटांवर मोठी झाली. तिनंच पुढे मुलाखतींमध्ये सांगितलंय की धावणं निवडलं, कारण त्याला काही साहित्य लागत नव्हतं, अनवाणीही पळता येत होतं.

आता इथं आम्हाला एक बोलायचं आहे. “पाणी वाहून वाहून ती धावपटू झाली” असं जो तो म्हणतो. ऐकायला बरं वाटतं. पण मैत्रिणींनो, पाणी वाहून धावपटू होता आलं असतं तर पेठ, सुरगाणा, हरसूल, इगतपुरी या पट्ट्यातून दरवर्षी शंभर ऑलिंपिक धावपटू निघाले असते. हंडा वाहणाऱ्या हजारो आहेत. त्यांचे पाय दणकट झाले, तशी मानही दुखायला लागली आणि शाळाही सुटली. हंड्यानं कविताचे पाय घडवले असतील, पण पदक हंड्यानं दिलेलं नाही. ते कशानं दिलं हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल. शंभरेक वर्षं मागे, आणि आपल्या देशाबाहेर.

१९२८ साली हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टरडॅम शहरात ऑलिंपिक झालं. ऑलिंपिकमध्ये बायकांना धावायला मिळालं ते तेव्हा पहिल्यांदाच. त्यातली सगळ्यात लांब शर्यत होती ८०० मीटरची. म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. त्या शर्यतीत किनुए हितोमी नावाची जपानची २१ वर्षांची मुलगी होती. ती वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरी करायची. जपानच्या त्या चमूतली ती एकटीच बाई. १०० मीटरच्या शर्यतीत तिला अंतिम फेरी गाठता आली नाही, म्हणून ती ८०० मीटरला उतरली. हे अंतर ती स्पर्धेत त्याआधी कधी पळालीच नव्हती. आणि तरी ती दुसरी आली. जर्मनीच्या लीना राडकेला सुवर्ण, किनुएला रौप्य. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली जपानी स्त्री.

पण दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून आलं? बायका धापा टाकत पडल्या, अर्ध्यांना शर्यत पुरी करता आली नाही, हे दृश्य बघवत नव्हतं, वगैरे वगैरे. खरं तर अंतिम शर्यतीत नऊ जणी पळाल्या आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली. जोरात पळाल्यावर माणूस धापा टाकणारच. पुरुषही पळून आल्यावर गवतावर आडवे होतात. पुरुष आडवा झाला तर जिवाची बाजी लावली म्हणतात, आणि बाई आडवी झाली तर तिला झेपत नाही म्हणतात. झालं, पुरुषांच्या समितीनं निर्णय घेतला. बायकांची ८०० मीटरची शर्यतच बंद. ती पुन्हा सुरू झाली १९६० मध्ये. ३२ वर्षं जगातल्या कुठल्याही बाईला ऑलिंपिकमध्ये २०० मीटरच्या पुढे एकटीनं पळू दिलं नाही.

त्या काळी चांगले शिकलेले लोक, काही डॉक्टरसुद्धा, सांगायचे की जास्त पळाल्यानं गर्भाशयाला इजा होते, मूल होत नाही, बाई पुरुषासारखी दिसायला लागते. ओळखीचं वाटतं ना? आपल्याकडे वयात आलेल्या मुलीला उड्या मारू नको, पळू नको म्हणतात ते काय वेगळं आहे? गंमत अशी की याच अंगाला डोक्यावर वीस लिटरचा हंडा, सरपणाची मोळी आणि सातव्या महिन्यात भातलावणी चालते. तेव्हा गर्भाशयाची काळजी कुणाला नसते.

लांब शर्यतींची दारं मग एकेक करून उघडावी लागली. १९६७ साली अमेरिकेत बॉस्टन गावची मॅरेथॉन होती, ४२ किलोमीटरची. त्यात बायकांना रीतसर प्रवेश नव्हता. कॅथरीन स्विट्झर नावाच्या मुलीनं अर्जावर नावाची नुसती आद्याक्षरं लिहिली आणि नंबर मिळवला. शर्यत सुरू झाल्यावर आयोजकांपैकी एकाच्या लक्षात आलं की ही बाई आहे. तो रस्त्यावर धावत आला आणि तिच्या अंगावरचा नंबर ओढून काढायला लागला. सोबतच्या मित्रानं त्याला ढकलून बाजूला केलं आणि तिनं शर्यत पुरी केली. त्या ओढाताणीचे फोटो जगभर छापले गेले. पाच वर्षांनी, १९७२ मध्ये, बॉस्टननं बायकांना रीतसर प्रवेश दिला. ऑलिंपिकला त्याहून उशीर झाला. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली १९८४ मध्ये. आणि कविता ज्या शर्यतीत पदक मिळवणार होती ती १०,००० मीटरची शर्यत आली १९८८ मध्ये, सोल शहरात.

जरा हिशोब करा. १९८८ साली कविता तीन वर्षांची होती. म्हणजे तिच्या आईच्या पिढीतली सावरपाड्याची एखादी मुलगी कितीही जोरात पळाली असती, तरी ती शर्यत तिच्यासाठी जगातल्या सगळ्यात मोठ्या मैदानावर नव्हतीच. त्या पिढीत पाय नव्हते असं नाही. शर्यतच नव्हती.

आपल्या देशातही बायका पळत होत्या. १९५१ साली दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले तेव्हा १०० मीटरला सुवर्ण जपानच्या मुलीनं नेलं आणि रौप्य मिळवलं मुंबईच्या रोशन मिस्त्रीनं. मुंबईचीच मेरी डिसूझा २०० मीटरला तिसरी आली, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेली. भारताच्या पहिल्या महिला ऑलिंपिक धावपटूंपैकी ती एक. पण या मुली शहरातल्या होत्या. खेड्यातल्या मुलीचं नाव देशाच्या तोंडी आलं ते केरळच्या पी. टी. उषामुळे. १९८४ च्या ऑलिंपिकला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. तिच्या गावाचं नाव पय्योली, म्हणून लोक तिला ‘पय्योली एक्सप्रेस’ म्हणू लागले. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे नाव त्याच वळणावरचं.

या नावाकडे जरा थांबून बघू. आपल्याकडे बाईची ओळख कशी असते? अमक्याची सून, तमक्याची आई. गावाचं नाव पुढे लावायचा मान पुढाऱ्यांचा, पैलवानांचा, कीर्तनकारांचा. इथं एका मुलीमुळे एका पाड्याला नाव मिळालं. नकाशावर शोधावा लागणारा पाडा दिल्ली-मुंबईच्या पेपरात मोठ्या अक्षरात आला. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरला ‘माणदेशी एक्सप्रेस’ म्हणतात. कायम दुष्काळासाठी ओळखला जाणारा मुलूख तिच्यामुळे वेगळ्या कारणानं ओळखला गेला. लोकप्रियता म्हणजे नुसते हारतुरे नव्हेत. आपलं गाव, आपली भाषा, आपली माणसं यांच्याकडे जग वेगळ्या नजरेनं बघायला लागतं, ही मोठी गोष्ट आहे.

आता पुन्हा कविताकडे येऊ आणि मधला गाळलेला भाग भरू.

पहिली गोष्ट, शाळेची शर्यत. शाळेत धावण्याची स्पर्धा झाली नसती तर ही मुलगी जोरात पळते हे कुणाला कळलंच नसतं. शाळा, मग तालुका, मग जिल्हा अशा या साध्या स्पर्धा म्हणजे चाळण असते. चाळणच नसेल तर दाणा सापडणार कसा?

दुसरी गोष्ट, प्रशिक्षक. विजेंदर सिंग हे भारतीय खेळ प्राधिकरणाचे प्रशिक्षक नाशिकमध्ये धावपटू घडवत होते. त्यांच्या हाताखाली कविता आली. जोरात पळता येणं वेगळं आणि दहा किलोमीटरची शर्यत पळणं वेगळं. पहिल्या फेरीत किती दम ठेवायचा, कुणाच्या मागे राहायचं, कधी सुटायचं, आठवड्यातून किती पळायचं आणि किती आराम करायचा, हे सगळं शिकावं लागतं. आपण नागलीची रोपं टाकताना जसा वाफसा बघतो तसाच हा अंदाज असतो, आणि तो वर्षानुवर्षं शिकवणारा माणूस लागतो.

तिसरी गोष्ट, मैदान. नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर ही मंडळी सराव करत. पायाखाली सपाट जमीन, मोजलेलं अंतर आणि मुलींना निर्धास्तपणे पहाटे पळता येईल अशी जागा. आपल्या किती गावांत अशी जागा आहे? मुलगी डांबरी रस्त्यावर पळायला गेली तर एका बाजूनं जीप आणि दुसऱ्या बाजूनं टिंगल.

चौथी गोष्ट आपल्या हातातली आहे. घरच्यांनी मुलीला पाड्यावरून नाशिकला सरावासाठी जाऊ दिलं. जे वय आपल्याकडे “स्थळं यायला लागली” म्हणून ओळखलं जातं, त्या वयात ती रोज सकाळ-संध्याकाळ पळत होती. लांब पल्ल्याचा धावपटू एका वर्षात तयार होत नाही. दिल्लीला पदक मिळालं तेव्हा कविता २५ वर्षांची होती. अठरा पुरी व्हायच्या आत तिला उजवून टाकलं असतं तर २०१० साली ती कुठल्या तरी घरात पाणी भरत असती आणि आपल्याला ते कळलंही नसतं.

आणि पाचवी गोष्ट, पगार. पुढे ओएनजीसी या सरकारी कंपनीत तिला नोकरी मिळाली. खेळाडूला पोट असतं हे लोक विसरतात. बूट झिजतात, प्रवासाला पैसे लागतात, दूध-अंडी लागतात आणि घरी पैसे पाठवावे लागतात. टाळ्यांनी किराणा येत नाही.

हे पाचही धागे जुळले तेव्हा काय झालं ते पाहा. दिल्लीनंतर सहाच आठवड्यांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये, चीनमधल्या ग्वांगझू शहरात आशियाई खेळ होते. तिथंही १०,००० मीटर. दिल्लीत ३३ मिनिटं ५ सेकंद लागले होते. इथं कवितानं तेच अंतर ३१ मिनिटं ५१ सेकंदांत कापलं. एक मिनिट आणि चौदा सेकंदांची सुधारणा! पहिली आली केरळची प्रीजा श्रीधरन. ती आणि कविता यांच्यात एका सेकंदाचंही अंतर नव्हतं. पंचवीस फेऱ्या पळून दोघी भारतीय मुली पुढेमागे रेषेवर आल्या, सुवर्ण आणि रौप्य दोन्ही आपल्याकडे. काही दिवसांनी ५,००० मीटरला प्रीजाला रौप्य आणि कविताला ब्राँझ. दोन महिन्यांत तीन आंतरराष्ट्रीय पदकं. २०१२ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

त्यानंतर नाशिकमध्ये जे वारं आलं ते आम्ही पाहिलंय. पहाटे मुली पळताना दिसू लागल्या. “कविता राऊत व्हायचंय का?” हा प्रश्न आधी चेष्टेनं विचारला जायचा, मग कौतुकानं विचारला जाऊ लागला.

पण गोष्ट इथंच संपवली तर ती खोटी होईल. खेळाडूचं आयुष्य सरळ चढणीचं नसतं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला कविता नव्हती. चार वर्षांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत ती मॅरेथॉन पळाली. ४२ किलोमीटर २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंदांत पुरे करून सुवर्ण मिळवलं. ऑलिंपिकला जायला २ तास ४५ मिनिटांच्या आत येणं गरजेचं होतं. ती सहा मिनिटं आधीच आली. वयाच्या तिसाव्या वर्षी, जेव्हा लोक म्हणत होते की आता हिचं काय राहिलं, तेव्हा तिनं ऑलिंपिकचं तिकीट मिळवलं.

ऑगस्टमध्ये ब्राझीलच्या रिओ शहरात ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. दीडशेच्या वर बायका सुटल्या, काहींना मध्येच शर्यत सोडावी लागली. कवितानं ती पुरी केली. वेळ २ तास ५९ मिनिटं २९ सेकंद, नंबर १२०. पेपरात या बातमीला फार जागा मिळाली नाही. आम्हाला मात्र वाटतं की हा १२० वा नंबरही मुलींना सांगावा. सावरपाड्याची मुलगी जगातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीत सुटली आणि शेवटच्या रेषेपर्यंत गेली. तो दिवस तिचा नव्हता, पण तिनं रस्ता सोडला नाही. आपल्या मुलींना पहिल्या नंबराच्या गोष्टी खूप ऐकवल्या जातात. पहिला नंबर नाही आला तर काय, हे कुणी शिकवत नाही. म्हणून पहिल्या स्पर्धेत हरली की मुलगी घरी बसते आणि घरचेही म्हणतात, पुरे झालं आता.

त्याच रिओमध्ये ललिता बाबर ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी पळाली. या शर्यतीत अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायचा असतो. ती दहावी आली. १९८४ साली पी. टी. उषानं गाठली होती, त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. एकाच ऑलिंपिकमध्ये महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यातल्या दोन मुली.

कवितामागून नाशिकच्या वाटेनं आणखी मुली आल्या. चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव २०१७ साली भुवनेश्वरच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत ५,००० मीटरला तिसरी आली, आणि त्याच वर्षी तैवानमध्ये जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरला दुसरी. नाशिक जिल्ह्यातलीच मोनिका आथरे २०१७ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन पळाली. दोघीही विजेंदर सिंग सरांच्याच तालमीतल्या. यावरून काय कळतं? एक मुलगी पुढे गेली तर लोक म्हणतात नशीब. एकाच मैदानावरून चार मुली पुढे गेल्या तर ते नशीब नसतं, ती व्यवस्था असते.

मघाच्या त्या जपानी किनुएची पुढची गोष्ट इथं सांगायला हवी. पदक मिळालं, नाव झालं, तेव्हा ती एकटी मिरवत बसली नाही. १९३० साली प्राग शहरात बायकांच्या जागतिक स्पर्धा झाल्या, तिथं ती आणखी मुलींना सोबत घेऊन गेली. पुढच्याच वर्षी न्यूमोनियानं ती वारली. वय फक्त २४. त्यानंतर ट्रॅकवर किंवा रस्त्यावर जपानी बाईला ऑलिंपिक पदक मिळायला ६४ वर्षं गेली. १९९२ साली बार्सिलोनाला युको आरिमोरीनं मॅरेथॉनमध्ये रौप्य मिळवलं, आणि ही युको त्याच ओकायामा भागातली, जिथली किनुए होती. १९९६ ला पुन्हा तिलाच ब्राँझ. २००० साली सिडनीला नाओको ताकाहाशीला सुवर्ण, २००४ ला अथेन्सला मिझुकी नोगुचीला सुवर्ण. लागोपाठ चार ऑलिंपिक. ताकाहाशी तर जपानमध्ये घराघरांत पोचली. सरकारनं तिला देशातला मोठा नागरी सन्मान दिला.

हे जमलं कसं? जपानमध्ये मोठ्या कंपन्या धावपटूंचे आपले संघ ठेवतात. मुलीला नोकरी, राहायची सोय, प्रशिक्षक आणि सोबत पळणाऱ्या मैत्रिणी मिळतात. शाळेच्या मुलींच्या रिले शर्यती लोक आवडीनं बघतात. एकटीच्या कौतुकाचं रूपांतर पुढच्या दहा जणींच्या सोयीत झालं, तेव्हा पदकं येत राहिली. नाहीतर किनुएसारखी एखादी चमकते आणि मग साठ वर्षं अंधार.

मैत्रिणींनो, म्हणून प्रश्न असा आहे की कविताच्या कौतुकाचं आपण काय करणार? बॅनर लावून सोडून देणार की आपल्या गावात त्यातलं काही उतरवणार? ऑलिंपिकचा ट्रॅक आपण बांधू शकत नाही. पण बचत गट आणि ग्रामसंघ मिळून चार-पाच गोष्टी नक्की करता येतात.

पहिली, जागा. ग्रामसभेत खेळाच्या मैदानाचा विषय मांडा. आणि नुसतं ‘मैदान’ म्हणू नका, ‘मुलींना वापरता येईल असं मैदान’ म्हणा. मुलांचं क्रिकेट दिवसभर चालू असेल तर मुली जाणार कधी? सकाळचा तास मुलींचा, असा ठराव होऊ शकतो. पहिले काही दिवस गटातल्या दोघी तिथं जाऊन बसल्या तरी टिंगल आपोआप थांबते.

दुसरी, ताट. धावणाऱ्या मुलीला रक्त भरपूर हवं. आपल्या भागात वयात आलेल्या कितीतरी मुलींच्या अंगात रक्त कमी असतं. शाळेत आणि अंगणवाडीतून आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. ती मुलगी घेते का, की दप्तरात पडून राहते, हे आशाताईंना विचारा. नागलीची भाकरी, डाळ, हिरवी भाजी, जमेल तेव्हा अंडं. आणि अंडं एकच असेल तर ते आपोआप मुलाच्या ताटात जातं, तिकडे लक्ष ठेवा.

तिसरी, माहिती. आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धा होतात, शालेय स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत होतात. गुणी मुलांसाठी शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत, तिथं राहण्या-शिकण्याची सोय होते. ठरावीक पातळीवर खेळलेल्या मुलामुलींना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी प्रमाणपत्रं जपून ठेवावी लागतात आणि ती तपासून घ्यावी लागतात. “धावून काय मिळतं?” असं कुणी विचारलं तर हे उत्तर तयार ठेवा.

चौथी गोष्ट सगळ्यात अवघड, पण तीच सगळ्यात मोठी. मुलीला वेळ द्या. पाण्याची खेप, धाकट्याला सांभाळणं, भाकऱ्या यातून रोजचा एक तास तिला मोकळा करून द्या. ती खेप एखाद दिवशी भावानं घातली तर काही बिघडत नाही. आणि लग्नाची घाई करू नका. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे हे तर आपल्याला माहीत आहेच, पण अठरा लागल्या लागल्या करायलाच पाहिजे असंही कुठं लिहिलेलं नाही.

आणि आपण स्वतः? ८ मार्चला महिला दिन येतो. हळदीकुंकू होतं, भाषणं होतात, संगीत खुर्ची होते. या वर्षी एक शर्यत ठेवा. अंतर लहान ठेवा, देवळापासून शाळेपर्यंत. एक गट मुलींचा, एक सासूबाईंचा, एक सुनांचा. साडी खोचून पळा, चप्पल काढून पळा, दम लागला तर चाला. गावानं एकदा आपल्या बायकांना पाण्याशिवाय, सरपणाशिवाय, एसटीशिवाय नुसतं आनंदासाठी पळताना बघू दे. आणि त्यात एखादी पोरगी सगळ्यांना मागे टाकून निघून गेली, तर तिचं नाव लिहून घ्या आणि दुसऱ्याच दिवशी शाळेच्या सरांना जाऊन भेटा.

शर्यत झाली की आम्हाला रेडिओवर कळवा. जिंकणारीचं नाव तर आम्ही वाचूच, पण सगळ्यात शेवटी आली तरी जिनं शर्यत पुरी केली, तिचंही नाव वाचू.

नमस्कार.